नेट येतं-जातं, वाय-फाय दिसतं पण चालत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेट मधूनमधून जातं. सुरुवात कुठून करायची?

नेमकं काय जातंय ते ठरवण्यापासून. बाहेरून घरात येणारी लाइन, ती सगळ्यांना वाटून देणारा राउटर आणि राउटरपासून तुमच्या फोनपर्यंतची हवा, या तिन्हींपैकी बिघाड कुठे आहे हे कळायच्या आत केलेला उपाय म्हणजे अंधारात मारलेला दगड. रेंज कमी म्हणून लोक नवा राउटर आणतात आणि दोष फायबरच्या जोडणीत निघतो. उलटही होतं: कंपनीशी आठवडाभर भांडण चालतं आणि खरा गुन्हेगार टीव्हीच्या मागे कोंबलेला राउटर असतो.

सगळ्यात भरवशाची परीक्षा एकच. लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा, लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा आणि नेहमीचं काम करत राहा. केबलवरही नेट जात असेल तर वाय-फायची सगळी चर्चा थांबवा. दोष राउटरमध्ये किंवा त्याच्या पलीकडे आहे. केबलवर दिवसभर ठणठणीत आणि फोनवर मात्र अडखळत असेल, तर लाइन तपासायला माणूस बोलावून काही हाती लागणार नाही.

आणखी एक पथ्य: एका वेळी एकच गोष्ट बदला. वाय-फायचा चॅनेल (राउटर हवेत वापरतो ती मार्गिका) बदलला, राउटर हलवला, अ‍ॅडॉप्टर नवा लावला, सगळं एकाच संध्याकाळी केलं आणि नेट सुधारलं, तर कशामुळे सुधारलं हे कळत नाही. पुन्हा बिघडलं की परत पहिल्यापासून सुरुवात.

नेट एखाद-दोन मिनिटांसाठीच जातं. तपासायला बसावं तर तेव्हा नीट चालतं. पकडायचं कसं?

पिंग सतत चालू ठेवून. पिंग म्हणजे एखाद्या पत्त्याला छोटा संदेश पाठवून उत्तर येतं का आणि किती वेळात येतं ते बघणारी कमांड. लॅपटॉपवर कमांडच्या दोन खिडक्या शेजारी-शेजारी उघडा. एकीत राउटरच्या पत्त्याला पिंग लावा (बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर छापलेला असतो), दुसरीत बाहेरच्या एखाद्या पत्त्याला, म्हणजे ८.८.८.८ किंवा १.१.१.१ ला. दोन्ही खिडक्यांत ओळीमागून ओळ सरकत राहते आणि प्रत्येक ओळीत उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले तो आकडा दिसतो.

आता नेट अडकलं की फक्त बघायचं. दोन्ही खिडक्यांत ‘टाइम्ड आउट’ दिसू लागलं तर तुमचा लॅपटॉप राउटरपर्यंतच पोचत नाहीये, म्हणजे वाय-फाय तरी गेलंय किंवा राउटर तरी लटकलाय. राउटरची खिडकी शांतपणे १-२ मिलिसेकंद दाखवतेय आणि बाहेरचीच तुटलीय, तर बिघाड राउटरच्या पलीकडे. राउटरच्या खिडकीत आकडा २ वरून ३००, मग ८००, मग पुन्हा २ असा नाचत असेल तर ती बहुधा वाय-फायमधली गर्दी किंवा अडथळा. एवढ्या एका प्रयोगात निम्म्याहून जास्त तक्रारींचा निकाल लागतो. स्पीड टेस्ट मात्र इथे कामाची नाही. ती त्या क्षणाचा वेग सांगते, मधल्या खंडाबद्दल काही बोलत नाही.

घरात लॅपटॉपच नाही, फक्त मोबाईल आहे. मग?

पिंग करणारी अ‍ॅप्स मोबाईलवरही मिळतात. राउटरपासून दोन-तीन हातांवर बसा, मोबाईल डेटा बंद करा आणि हाच प्रयोग करा. डेटा बंद करायचं विसरू नका. वाय-फाय कमजोर वाटलं की बरेच फोन गुपचूप डेटावर जातात आणि तुम्हाला वाटतं, नेट तर चाललंय की.

रेंजच्या कांड्या पूर्ण दिसतात, तरी काहीच उघडत नाही. असं कसं?

त्या कांड्या फोन आणि राउटर यांच्यातलं नातं दाखवतात. राउटरला बाहेरून काही मिळतंय की नाही, याच्याशी त्यांचा संबंध नाही. बाहेरची फायबर उपटून टाकली तरी कांड्या पूर्ण भरलेल्याच राहतील.

एक वेगळा प्रकार मात्र माहीत असावा. फोनच्या वाय-फाय तपशिलात आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होताना दिसला, किंवा फोन ‘आयपी पत्ता मिळवत आहे’ वरच अडकून राहिला, तर राउटरने पत्ताच दिलेला नाही. राउटर एकदा बंद-चालू करा. तरीही तेच झालं तर घरात दुसरा एखादा राउटर जोडलेला आहे का ते बघा. दोघेही पत्ते वाटत बसले की असे घोळ होतात.

राउटरवरचे दिवे काय सांगतात?

फायबरच्या डब्यावर दोन दिवे महत्त्वाचे. ‘पॉन’ स्थिर हिरवा म्हणजे समोरच्या एक्स्चेंजशी बोलणं सुरू आहे. तो लुकलुकत राहिला तर जोडणी जमवण्याचा प्रयत्न चाललाय पण जमत नाहीये. ‘लॉस’ लाल झाला म्हणजे प्रकाशच येत नाही किंवा फारच क्षीण येतोय. अशा वेळी राउटरच्या सेटिंगमध्ये हात घालू नका. फायबर नीट खोचलेली आहे का एवढं बघा आणि तक्रार नोंदवा.

हे दोन्ही ठीक आणि ‘इंटरनेट’चा दिवा मात्र लाल किंवा विझलेला, तर लाइन शाबूत आहे पण लॉगिन होत नाहीये. संपलेला प्लॅन, चुकलेला पासवर्ड किंवा कंपनीच्या बाजूची अडचण, यांपैकी काहीतरी. प्लॅनची तारीख आधी बघा, मग रागवा.

लॉस लाल नाही, तरी केबलवरसुद्धा नेट जातं. आता काय बघायचं?

प्रकाशाची पातळी. बऱ्याच फायबर राउटरच्या पानावर (ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकला की उघडतं ते सेटिंगचं पान) ‘ऑप्टिकल पॉवर’ किंवा ‘आरएक्स पॉवर’ असा आकडा असतो, डीबीएममध्ये (प्रकाशाची ताकद मोजायचं एकक) आणि नेहमी उणे. घरगुती फायबरवर साधारण उणे १५ ते उणे २५ या दरम्यान असेल तर निश्चिंत राहा. उणे २७ च्या आसपास पोचलं की डब्याला दिसेनासं व्हायला लागतं. इथे ३ डीबीचा फरक म्हणजे प्रकाश थेट निम्मा, तेव्हा कालचा उणे २२ आज उणे २६ झाला असेल तर तो ‘जरासा फरक’ नव्हे. काठावरच्या पातळीवर लॉस लाल होत नाही, पण लाइन पडते आणि उठते, पुन्हा पडते.

याचं कारण पुष्कळदा घरातच सापडतं. पिवळी किंवा पांढरी बारीक फायबर कपाटाच्या मागून काटकोनात वळलेली असते, दाराच्या फटीत चेपलेली असते, किंवा उरलेली लांबी कोणीतरी घट्ट गुंडाळून रबर लावून ठेवलेली असते. तांब्याच्या वायरला असं वळण चालतं. काचेच्या फायबरमध्ये तीव्र वळणावर प्रकाश बाहेर गळतो. वेटोळं निदान सहा-सात सेंटिमीटर रुंद राहू द्या. कपाट थोडं पुढे ओढून वळण मोकळं केलं आणि पान पुन्हा उघडलं की आकडा सुधारल्याचं लगेच दिसतं.

कनेक्टरच्या टोकावर धूळ बसली तरी पातळी घसरते, पण ते टोक बोटाने किंवा कपड्याने पुसू नका. त्यासाठी वेगळं साधन लागतं. आणि फायबरच्या टोकात डोळा लावून ‘लाइट येतोय का’ हे मुळीच बघू नका: त्यातला लेसर डोळ्यांना दिसत नाही, इजा मात्र करू शकतो.

राउटर बंद-चालू केला की नीट चालतं. मग रोज तेच करत राहिलं तर बिघडलं काय?

बिघडलं असं नाही, पण रोज करावं लागतंय हेच लक्षण आहे. बंद-चालू केल्यावर राउटरची भरलेली मेमरी मोकळी होते, कंपनीकडे नव्याने लॉगिन होतं आणि तो नवा, कमी गर्दीचा चॅनेल निवडू शकतो. यांतल्या कशाने फरक पडला ते तुम्हाला कळत नाही, म्हणून मूळ दुखणं तसंच राहतं.

आधी राउटरच्या पानावर ‘अपटाइम’ (शेवटचा सुरू झाल्यापासून राउटर किती वेळ चालू आहे तो आकडा) बघा. तुम्ही हात लावला नसताना तो काही तासांचाच दिसत असेल तर राउटर आपोआप बंद पडून सुरू होतोय, आणि अशा वेळी माझा पहिला संशय अ‍ॅडॉप्टरवर. राउटर वर्षानुवर्षं चालतो. अ‍ॅडॉप्टरमधला कपॅसिटर त्याआधी थकतो. मग जास्त उपकरणं जोडली गेली, काम वाढलं की विजेचा दाब क्षणभर खाली जातो आणि राउटर पुन्हा सुरू होतो. बाहेरून दिवा पेटलेला दिसतो म्हणून अ‍ॅडॉप्टरवर कोणाचा संशय जात नाही. बदलताना व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील, आणि पिनचं धन-ऋण जुळायला हवं. १२ व्होल्टच्या राउटरला ९ चा अ‍ॅडॉप्टर ‘चालतोय ना’ म्हणून लावून ठेवणं हे नव्या दुखण्याला आमंत्रण.

दुसरा संशय उष्णतेचा. राउटर सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर बसवलेला, वरून नॅपकिन घातलेला, बंद कपाटात ठेवलेला. मोकळी हवा द्या आणि दोन दिवस बघा.

अपटाइम आठवड्याचा आहे आणि तरी नेट जातंय, तर राउटर जागाच आहे. तुटतंय ते लॉगिन किंवा लाइन. राउटरच्या लॉगमध्ये त्या वेळेची नोंद सापडते.

मागच्या बारीक भोकात पिन घालून रीसेट केलं तर?

थांबा. रीस्टार्ट आणि रीसेट एकच नव्हेत. रीसेटने राउटर कारखान्यातून आला तसा कोरा होतो: कंपनीचं यूझरनेम, पासवर्ड, व्हीलॅनचा क्रमांक (कंपनीने लाइनसाठी दिलेला), वाय-फायचं नाव, सगळं पुसलं जातं. ही माहिती तुमच्याकडे लिहिलेली नसेल तर आतापर्यंत मधूनमधून जाणारं नेट पूर्णच जाईल. रीसेट करायचंच असेल तर आधी सेटिंगच्या पानांचे फोटो काढून ठेवा.

हॉलमध्ये छान चालतं, आतल्या खोलीत गोल फिरत बसतं.

राउटर कुठे आहे? बहुतेक घरांत तो जिथून वायर आत शिरली तिथेच, दारामागे किंवा खिडकीच्या कोपऱ्यात बसवलेला असतो, कारण बसवणाऱ्याला तेवढीच वायर ओढायची होती. मग निम्मा सिग्नल घराबाहेर जातो. राउटर घराच्या मध्याकडे, डोक्याच्या उंचीवर आणि उघड्यावर हवा. लोखंडी कपाट, फ्रिज, मोठा आरसा आणि माशांची टाकी हे सिग्नलचे शत्रू. धातू आणि आरशामागचा मुलामा तो परतवतात, पाणी शोषून घेतं. काँक्रीटची सळ्यांची भिंत विटांच्या पातळ भिंतीपेक्षा कितीतरी जास्त अडवते.

अँटेना बाहेर असलेल्या राउटरवर त्या सगळ्या माणसाकडे रोखून ठेवण्याची पद्धत आहे. त्याने उलटंच होतं. काडीसारखी अँटेना आपल्या टोकाच्या दिशेने सगळ्यात कमी आणि चहूबाजूंना सगळ्यात जास्त सिग्नल फेकते. एका मजल्याच्या घरात ती उभी ठेवा. वरच्या मजल्यावर पोचवायचं असेल तर एखादी आडवी करून बघा.

२.४ वापरू की ५?

हे वाय-फायचे दोन पट्टे. २.४ गिगाहर्ट्झ भिंतींतून लांब पोचतो, पण तिथे गर्दी फार: शेजारपाजारचे राउटर, ब्लूटूथ, आणि सुमारे २.४५ गिगाहर्ट्झवर चालणारा मायक्रोवेव्ह ओव्हन. ओव्हन सुरू झाला की व्हिडिओ अडकतो, ही तक्रार भ्रम नाही. यूएसबी ३ ची हार्ड डिस्क राउटरला अगदी चिकटून ठेवली तरी २.४ मध्ये कचरा पडतो; हे फार कमी जणांना ठाऊक असतं. ५ गिगाहर्ट्झ वेगवान आणि बराच मोकळा, पण दोन भिंतींत दमतो.

राउटरच्या खोलीत आणि शेजारच्या खोलीत ५, लांबच्या खोलीत आणि स्मार्ट बल्ब-प्लगसाठी २.४, असा सरळ हिशेब. हे बल्ब-प्लग बहुतेक २.४ वरच चालतात, तेव्हा ‘नवीन प्लग जोडलाच जात नाही’ म्हणून डोकं धरण्याआधी फोन २.४ वर आणा.

दोन्हींना एकच नाव द्यावं की वेगळं? बिघाड शोधत असाल तोवर वेगळं. कोण कशावर आहे ते डोळ्यांना दिसतं. सगळं सुरळीत झाल्यावर एकच ठेवलं तरी हरकत नाही.

चॅनेल बदलल्याने खरंच फरक पडतो का?

दाट वस्तीत २.४ वर पडतो. तिथे एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. मधला ३ किंवा ८ ‘रिकामा दिसतो’ म्हणून निवडला तर दोन्ही बाजूंच्या गोंगाटात सापडता. वाय-फाय अ‍ॅनालायझर अ‍ॅपवर आलेख बघा, तिघांपैकी जिथे शेजारी कमी आणि क्षीण आहेत तो घ्या आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ करा. ४० ने कागदावर वेग दुप्पट दिसतो, पण गर्दीत जास्त जागा अडवायला गेलं की जास्त धक्के बसतात.

५ गिगाहर्ट्झचं नाव अचानक गायब होतं आणि थोड्या वेळाने परत येतं. राउटर गेला का?

बहुधा नाही. ५ गिगाहर्ट्झमधले ५२ ते १४४ हे चॅनेल हवामान आणि इतर रडारबरोबर वाटून घ्यावे लागतात. रडारसारखी चाहूल लागली की राउटरला तो चॅनेल सोडावाच लागतो, आणि याच पट्ट्यातल्या नव्या चॅनेलवर सुरू होण्याआधी किमान ६० सेकंद नुसतं ऐकत बसावं लागतं. तेवढा वेळ नाव दिसत नाही. चॅनेल ‘ऑटो’वरून काढून ३६, ४०, ४४ किंवा ४८ वर पक्का करा, गायब होणं थांबतं.

रेंजसाठी रिपीटर घ्यावा की मेश?

शक्य असेल तर दोन्ही नको, एक लॅन केबल ओढा आणि टोकाला अ‍ॅक्सेस पॉइंट (केबलवरून नेट घेऊन तिथे वाय-फाय देणारा डबा) लावा. दिसायला गैरसोयीचं, पण याच्याइतकं टिकाऊ दुसरं काही नाही. स्वस्त रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुढे सांगतो, म्हणून वेग साधारण निम्मा होतो. शिवाय लोक तो जिथे रेंज नाही तिथेच लावतात! ज्याला स्वतःलाच ऐकू येत नाही तो पुढे काय सांगणार? लावायचाच तर राउटर आणि त्या खोलीच्या मधोमध. मेश (घरभर ठेवलेले, मिळून एकच वाय-फाय देणारे डबे) चांगली, विशेषतः डब्यांमधल्या संवादाला वेगळा पट्टा असलेली, पण तिलाही केबलने जोडता आलं तर जोडा.

प्लॅन मोठा आहे, पण स्पीड टेस्ट ९४ च्या वर जातच नाही.

९४-९५ हा आकडा स्वतःच पुरावा आहे. कुठेतरी १०० एमबीपीएसचा पोर्ट किंवा खराब केबल बसलेली आहे. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात. गिगाबिटला (१००० एमबीपीएस) आठही लागतात, १०० ला चारच पुरतात. एक तार तुटली किंवा क्लिप नीट दाबली गेली नाही की दोन्ही टोकं मुकाट्याने १०० वर उतरतात, कोणी तक्रार करत नाही. केबल बदलून बघा.

डाउनलोडमध्ये दिसणारा आकडा वेगळाच असतो, कारण तो मेगाबाइटमध्ये असतो. आठ बिटांचा एक बाइट. १०० एमबीपीएसच्या लाइनवर सेकंदाला सुमारे १२ मेगाबाइट म्हणजे पूर्ण वेग.

स्पीड भरपूर येतो, तरी व्हिडिओ कॉलमध्ये आवाज तुटतो.

कॉलला वेग फारसा लागत नाही, वेळेवर पोचणं लागतं. पिंगची खिडकी उघडी ठेवा आणि दुसऱ्या फोनवरून मोठा व्हिडिओ अपलोड करा. १० मिलिसेकंदांचे ३००-४०० झाले तर राउटरमध्ये रांग तुंबतेय: अपलोडने बाहेरचा रस्ता भरून टाकला आणि तुमचा आवाज त्या रांगेत मागे उभा आहे. राउटरमध्ये ‘क्यूओएस’ किंवा ‘एसक्यूएम’ ही रांग सांभाळणारी सोय असेल तर सुरू करा आणि मर्यादा खऱ्या वेगाच्या ९० टक्क्यांच्या आसपास ठेवा. थोडा वेग सोडून कॉल सुधारतो. फोटोंचा बॅकअप रात्री उशिरावर टाकणं हा फुकटचा उपाय.

रोज संध्याकाळी ठरावीक वेळीच, केबलवर आणि बाकी सगळी उपकरणं बंद असतानाही असं होत असेल, तर गर्दी कंपनीच्या बाजूला आहे. ती घरातल्या कोणत्याही सेटिंगने हटत नाही.

मेसेज जातात, पण काही साइट उघडतच नाहीत.

आधी डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधून देणारा सर्व्हर). राउटरमध्ये किंवा फोनमध्ये तो १.१.१.१ किंवा ८.८.८.८ करून बघा. त्याने फरक नाही पडला आणि लाइन पीपीपीओईची (यूझरनेम-पासवर्डने लॉगिन होणारी) असेल तर राउटरचा एमटीयू (डेटाच्या एका पाकिटाचा कमाल आकार) १४९२ आहे ना ते तपासा. तिथे १५०० राहिला असेल तर मोठी पाकिटं अडतात आणि पानं अर्धवट उघडून थांबतात.

शेजारी कोणी आमचं वाय-फाय वापरत असेल का?

राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी असते. त्यात अनोळखी नाव दिसलं म्हणून लगेच घाबरू नका; हल्लीचे फोन खरा मॅक पत्ता (उपकरणाची स्वतःची ओळख) लपवून बनावट पत्ता देतात, तेव्हा तो तुमचाच फोन असू शकतो. शंका असेल तर पासवर्ड बदला, सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ठेवा, डब्ल्यूपीएस (बटण दाबून किंवा पिनने जोडण्याची सोय) बंद करा आणि राउटरच्या अ‍ॅडमिन पानाचा मूळ पासवर्डही बदला. तो बहुतेक जण विसरतात.

कस्टमर केअरला काय सांगितलं की काम होतं?

‘नेट फार स्लो आहे’ असं सांगितलं की ‘राउटर बंद-चालू करा’ एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी नेमकं सांगा: केबलने जोडून बघितलंय, राउटरला पिंग सुरळीत आहे, बाहेरचा पिंग अमुक तारखेला अमुक वाजता इतकी मिनिटं तुटला, त्या वेळी पॉन लुकलुकत होता, आरएक्स पॉवर उणे २७ आहे. पिंगच्या खिडकीचे आणि दिव्यांचे फोटो जोडा, तक्रारीचा क्रमांक घ्या. घरी माणूस आला की त्याला पॉवर मीटर लावून आकडा दाखवायला सांगा, आणि तो निघायच्या आत राउटरच्या पानावरचा नवा आकडा स्वतः बघून लिहून ठेवा.